चार नंबरच्या पोटातलं पाणी

चार नंबर तिसऱ्यांदा ट्रॉलीवर लादून वर्कशॉपात आणली, तेव्हा कानसेन स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर करून पाहिलं, नाडीची गाठ पुरी केली आणि तसाच बसून राहिला. उठायचं जिवावर आलं होतं. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि गडी दिवसभर राबल्यासारखा दमलेला होता.

वर्कशॉप म्हणजे पाणीपुरवठा खात्याची एक लांबट शेड. शहराला पाणी देणारा तलाव तिच्या मागच्या खिडकीतून दिसायचा आणि तलावातून निघालेला अकरा किलोमीटरचा कालवा तिच्या दारावरूनच जायचा. कालव्याच्या काठानं धड रस्ता असा नव्हता. चिखल, गुडघाभर गवत, दगड, आणि तीन ठिकाणी आडवे येणारे ओढे. म्हणून खात्यानं सहा एटीव्ही घेतल्या होत्या. मोटरसायकलसारखं हँडल, मोटरसायकलसारखीच सीट, पण खाली चार फुगीर जाड चाकं. उड्या मारत जातात म्हणून सगळे त्यांना बेडक्या म्हणायचे. सहा बेडक्या, दोन पंप, एक म्हातारा ट्रॅक्टर, आणि त्या सगळ्या गोतावळ्याला मिस्त्री एकच.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो नोकरीला लागला त्या वर्षी एक पंप आवाज करायला लागला होता. चार जणांनी चार निदानं केली. यानं एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून मिनिटभर उभा राहिला. मग म्हणाला, "मागचं बेअरिंग. आतल्या बाजूचं." पंप उघडला, तर तेच निघालं. तेव्हाचे साहेब म्हणाले, "गाण्यातलं याला ओ की ठो कळत नसेल, पण यंत्रांचा हा कानसेन आहे." नाव चिकटलं ते चिकटलंच. पगारपत्रकावरचं नाव आता त्याचं त्यालाही परकं वाटायचं.

आणि गेली दोन वर्षं त्याला ऐकू येईनासं झालं होतं.

एकदम नव्हे. आधी बारीक आवाज गेले. दाराची बेल, फोनची किणकिण, ट्रॅक्टर मागे येताना वाजणारी पिपाणी. जाड आवाज शाबूत होते, म्हणून इंजिनाची घरघर त्याला अजून स्वच्छ कळायची आणि तेवढ्यावर तो स्वतःची समजूत घालायचा. माणसांचं बोलणं मात्र अर्धवट यायचं. कुणीतरी बोलतंय हे कळायचं, पण 'सात' म्हणाला, 'हात' म्हणाला की 'भात', हे ओठांकडे बघून अंदाजपंचे ठरवावं लागायचं. समोरच्यानं तोंड फिरवलं की खेळ खलास. मग हसायचं, मान डोलवायची, "बघतो, बघतो" म्हणायचं. दिवसभर असं डोळ्यांनी ऐकून ऐकून संध्याकाळी कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकायच्या.

वर्कशॉपात हे कुणाला ठाऊक नव्हतं. घरी ठाऊक होतं, पण त्यावर बोलणं नव्हतं. बायको कपडे शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. तीही संध्याकाळी चुरगाळून घरी यायची. सुरुवातीला ती प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. मग एकदाच सांगायला लागली. मग जेवढं सांगितल्यावाचून अडेल तेवढंच. लेकीचा फोन आला की तो दोन वाक्यं बोलून "हे घे, आईशी बोल" म्हणायचा. घरात भांडण नव्हतं, अबोला नव्हता, पण जेवताना ताट-वाटीचाच काय तो आवाज, आणि तोही एकट्या बायकोलाच ऐकू येणारा.

तर चार नंबर.

ही बेडकी पाहणीवाल्या बाईंची. बाई रोज कालव्याच्या टोकापर्यंत जायच्या, पाणी सोडायच्या दारांवरची पातळी वहीत लिहायच्या, कुठे गळती आहे, कुठे काठ खचलाय ते बघायच्या आणि चारच्या आत परत यायच्या. चारच्या आत, कारण घरी त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले. शेजारीण चारपर्यंत त्यांच्यापाशी बसायची, पुढे तिला तिच्या कामावर जायचं असायचं. अठरा वर्षं बाईंनी हा काटा चुकवला नव्हता. आधी वाट्याला अर्धाच कालवा होता तेव्हा पायी, पुढे अख्खा आला तेव्हा बेडकीवर.

तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी चार नंबर पहिल्यांदा बिघडली. गिअर अडखळायला लागले, चालता चालता आचके द्यायला लागली. कानसेननं गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. तेल मधाच्या रंगाचं असायला हवं, ते दूध घातलेल्या कॉफीसारखं झालं होतं. पाणी शिरलेलं उघड दिसत होतं. त्यानं तेल बदललं आणि गाडीच्या दुरुस्तीच्या कार्डावर लिहिलं: 'गाडी खोल पाण्यात घातल्यामुळे.' तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा तेल बदललं, पुन्हा लिहिलं, आणि या वेळी दोन शब्द वाढवले: 'चालकाच्या हलगर्जीपणामुळे.'

बाईंनी येऊन काहीतरी सांगितलं होतं. त्या दारात उभ्या होत्या, मागून उजेड येत होता, तोंड अंधारात. ओठ दिसत नव्हते. कानसेन "बघतो, बघतो" म्हणाला होता.

साहेबांनी बाईंची गाडी काढून घेतली. साहेब म्हणजे शेडचे आणि कालव्याचे प्रमुख, वयानं कानसेनपेक्षा वीस वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही, पण कागदावर आलं की ते खरं, असा स्वभाव. "यंत्र जपता येत नसेल तर पायी जा," म्हणाले. बाई पायी जायला लागल्या. चार नंबर शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली.

आणि आता ती तिसऱ्यांदा ट्रॉलीवर होती. या वेळी तिला बाईंचा हातही लागलेला नव्हता.

"मीच नेली होती," साहेब म्हणाले. ते अगदी समोर उभे राहून बोलत होते, म्हणून कानसेनला नीट कळलं. "वरच्या कार्यालयातून दोघं जण आले होते, त्यांना तलाव दाखवायला. दोन दिवस फिरवली. शपथेवर सांगतो, साध्या डबक्यातूनसुद्धा नेली नाही. आल्यावर पाइप मारून स्वच्छ धुतली आणि काल बघतो तर आचके."

"पाण्यात घातली नाही?"

"अहो, मी सांगतोय ना!"

कानसेननं मान डोलवली. साहेबांनी नुसतं सांगितलं आणि आपण ते खरं मानलं, हे त्याच्या लक्षात आलं. आणि दुसरंही कुणीतरी असंच सांगत असावं, हेही त्याच क्षणी लक्षात आलं. ते तसंच मनात ठेवून तो कामाला लागला.

त्यानं गिअरबॉक्सखालचा बोल्ट काढला. तेल आलं ते पुन्हा तसंच, फिकट, दुधाळ, फेसाळ. मागच्या दोन्ही वेळी त्यानं ते तसंच टाकाऊ तेलाच्या पिंपात ओतलं होतं. या वेळी काचेची बाटली घेतली, तीन बोटं तेल भरलं आणि खिडकीत ठेवलं. मग जे मागे दोनदा करायला हवं होतं ते एकेक करायला घेतलं. हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. आतला स्पंज कोरडा खडखडीत. इंजिनाचा रबरी पट्टा फिरतो ते बंद घर उघडलं, तेही कोरडं, धूळ तशीच्या तशी. गाडी ओढ्यात बुडाली असती तर पाणी आधी इथे शिरलं असतं, चिखलाची रेघ उमटली असती. रेघ कुठेच नव्हती.

हे बघायला दहा मिनिटं लागली. पहिल्या वेळी ही दहा मिनिटं त्याच्याकडे नव्हती असं नव्हे. पण तेव्हा संध्याकाळ झाली होती, कपाळ ठणकत होतं, आणि कधी एकदा घरी जाऊन गप्प पडतो असं झालं होतं. दुधाळ तेल दिसलं, पाणी म्हटलं, ओढा म्हटलं, सही केली. दुसऱ्या वेळी तर उघडून बघायचंही कारण उरलं नव्हतं. उत्तर आधीच कार्डावर होतं.

दुपारपर्यंत बाटलीतलं तेल जरा निवळलं. तळाशी पाण्याचा एक थर साचला होता. बोटभरसुद्धा नाही, पण स्वच्छ. गाळाचा कण नाही. कालव्याचं पाणी कधीच असं नसतं.

त्यानं फाटकावरच्या माणसाकरवी बाईंना निरोप धाडला.

त्या दीडच्या सुमाराला आल्या. पायात लांब बूट, एका पायाला गुडघ्यावर पट्टी, हातात पातळीची वही. स्टूल पुढे केलं तरी बसल्या नाहीत.

"बोला मिस्त्री. अजून पाच किलोमीटर राहिलंय माझं."

"ओढ्यात पाणी कुठपर्यंत यायचं तुमच्या गाडीला?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला नजर बाजूला घ्यावीशी वाटली. पण ओठ वाचायचे तर बघणं भाग होतं.

"चाकाच्या मधल्या नटापर्यंत. त्याच्या वर पाणी असलं की मी गाडी अलीकडे लावून पायी उतरायचे. हे मी दोन्ही वेळा सांगितलं होतं. लेखीसुद्धा दिलं होतं. साहेबांच्या टेबलावर असेल कुठेतरी."

"जरा थांबता? दिवा धरायला कुणी नाहीये."

का थांबल्या कोण जाणे. वही खिडकीत ठेवली आणि दिवा हातात घेतला.

कानसेननं हीटर लावला, त्यावर लोखंडाची जुनी पाटी तापवली आणि बाटलीच्या मधल्या थरातलं थेंबभर तेल तिच्यावर सोडलं. ही जुनी परीक्षा. तेलात नुसता हवेचा फेस असेल तर ते गुपचूप धूर सोडतं. खरोखर पाणी असेल तर तडतडतं. तीस वर्षं त्यानं ही परीक्षा पाटीकडे न बघता, दुसरं काम करता करता केली होती. आताही सवयीनं त्यानं पान्हा शोधायला पाठ फिरवली. पाठीमागे अगदी शांतता होती. धूरच असेल, असं वाटलं. मग वळून पाहिलं, तर थेंब पाटीवर उड्या मारत होता.

"केवढं तडतडतंय!" बाई दचकून मागे सरकल्या होत्या.

"हो, हो. पाणी आहे," कानसेन म्हणाला. त्याचे कान गरम झाले.

आता पाणी कुठून शिरतं ते शोधायचं. गिअरबॉक्स म्हणजे बंद डबा. चाकांकडे जाणारे दांडे जिथून बाहेर येतात, तिथे रबराच्या कड्या असतात. कडी फाटली असेल तर तिथून पाणी जातं. त्याची तपासणी सोपी: आत हलकीशी हवा भरायची, कड्यांवर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात का बघायचं. हवा भरायची ती एका बारीक रबरी नळीतून. डबा तापला की आतली हवा फुगते, निवला की आकसते. तिला ये-जा करायला ही नळी असते, तिला मिस्त्री लोक ब्रीदर म्हणतात. तिचं तोंड मुद्दाम सगळ्यांत उंच, हँडलच्या मागे, प्लास्टिकच्या पत्र्याखाली एका क्लिपेत अडकवलेलं असतं, म्हणजे पाणी तिथवर पोचत नाही.

कानसेननं सायकलचा पंप घेतला आणि पत्र्याखाली हात घातला. क्लिप हाताला लागली. नळी नव्हती.

"उजेड जरा इकडे, बाई."

क्लिप रिकामी. मग त्यानं दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली; गिअरबॉक्सवर नळी जिथे बसते तिथे बोट ठेवलं आणि चाचपत चाचपत पुढे गेला. नळी वर जायच्या ऐवजी सीटखालून मागे वळली होती आणि उजव्या मागच्या चाकाच्या वरच्या खळग्यात जाऊन पडली होती. चाकानं उडवलेलं पाणी तिथेच येऊन आदळायचं. धुतल्यावरही पाणी तिथेच साचायचं. आताही त्या खळग्यात चमचाभर पाणी होतं, आणि नळीचं तोंड त्यात बुडालेलं.

तो तसाच वाकलेला राहिला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. त्यानं पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला कळलंच नाही. त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा तो वळला.

"गाडी फिरून येते तेव्हा डबा तापलेला असतो," तो हळूहळू म्हणाला. "त्यावर गार पाणी पडलं की आतली हवा एकदम आकसते आणि ही नळी समोर येईल ते ओढून घेते. हवा असली तर हवा. पाणी असलं तर पाणी. गाडी बुडवायला नको, नुसता चाकाचा फवारा पुरे. साहेबांनी तर गरम गाडीवर पाइपच मारला."

"म्हणजे ओढ्याचा काही संबंध नाही."

"नटापर्यंत पाण्यात न्यायलाच तर ही गाडी बनवलीय, बाई."

त्यानं नळी मोकळी केली, वर ओढून आणली आणि क्लिपेत अंगठ्यानं दाबली. "बसली," तो म्हणाला. बाईंनी दिवा खाली ठेवला आणि दोन बोटांनी नळी हलकेच ओढली. ती सुटून हातात आली.

"बसली नव्हती. वाजली कुठे?"

त्यानं पुन्हा दाबली, या वेळी सगळा जोर लावून.

"आता वाजली. टक् झालं."

कानसेनला टक् वगैरे काहीच ऐकू आलं नव्हतं. दोन्ही वेळा त्याच्या लेखी सारखंच झालं होतं.

आणि मग त्याला तो दिवस आठवला. उन्हाळ्याच्या तोंडी चार नंबरची पेट्रोलची टाकी बदलली होती. टाकी काढायला ही नळी सोडवावी लागते. काम झाल्यावर त्यानंच ती परत लावली होती, याच अंगठ्यानं दाबून. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात गाडी पहिल्यांदा बिघडली.

बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. अठरा वर्षं कालव्याच्या भिंतीवरची बारीकशी ओल हेरणारी ती नजर.

"मघाशी पाटीवर तडतडलं ते," त्यांनी विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं होतं?"

तो स्टुलावर बसला. "नाही."

"ही क्लिप कुणी लावली होती?"

"मी."

बाई म्हणाल्या, "मी दारात उभी राहून सांगितलं होतं ना, मिस्त्री? नटाच्या वर पाणी नव्हतं म्हणून?"

"सांगितलं असणार."

"मग ऐकलं नाही, की ऐकू आलं नाही?"

"दोन्ही," कानसेन म्हणाला.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. त्यांनी नुसती खिडकीतली वही उचलली, आणि मग, तोंड नीट त्याच्याकडे करून, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "अकरा आठवडे चालतेय मी. घरी पोचायला सहा-साडेसहा होतात. चारनंतर बाबांपाशी बसायला वहिनी शहराच्या दुसऱ्या टोकाहून येते आणि रोज तोंड वाकडं करून बसते. एक दिवस तीही आली नाही. बाबा पलंगावरून खाली पडले होते, दोन तास तसेच. काही मोडलं नाही, एवढंच. हे तुम्हाला ऐकू यावं म्हणून सावकाश सांगतेय."

"येतंय," तो म्हणाला.

त्या उरलेले पाच किलोमीटर चालायला निघून गेल्या.

कानसेननं कड्या तपासल्या. काम अर्धवट टाकायची सवय नव्हती. साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा आला नाही. कड्या ठणठणीत होत्या. मग त्यानं कार्ड काढलं आणि साहेबांच्या खोलीत गेला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. साहेबांचं बोलणं मात्र कानसेनला तुकड्या-तुकड्यांनी पोचत होतं, कारण ते बोलता बोलता कागद चाळत होते.

"साहेब, माझ्याकडे बघून बोला," तो म्हणाला. "मला नीट ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

साहेबांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली. मग थोड्या वेळानं, उगाचच मोठ्यानं म्हणाले, "क्लिप जुनी होती, ढिली झाली, असं लिहा ना. विषय मिटला. बाईंची गाडी परत देऊन टाकू. तुमची अडीच वर्षं राहिलीत, कशाला पायावर धोंडा पाडून घेताय?"

"क्लिप चांगली आहे. ओरडू नका, साहेब, ओरडून कळत नाही. बघून बोललं की कळतं."

"बरं. पण मागच्या दोन कार्डांचं काय? ती मी वर पाठवलीत. बाईंच्या फाइलला लागलीत."

"म्हणून तर."

त्यानं टेबलावरचं पेन घेतलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं: 'ब्रीदरची नळी क्लिपेत बसलेली नव्हती. टाकी बदलताना मी बसवली होती, तपासली नाही. मागील दोन्ही वेळचे कारण चुकीचे लिहिले गेले. चालकाचा दोष नाही.' खाली पगारपत्रकावरची सही केली. ती करताना नेहमीसारखा हात अडखळला. साहेबांनी कार्ड वाचलं, उसासा टाकला आणि ते सगळ्यांत वरच्या ट्रेमध्ये ठेवलं.

चार नंबर बरी व्हायला पुढचे तीन दिवस गेले. दूध झालेलं तेल नुसतं काढून नवं घालून भागत नाही. दातऱ्यांच्या फटींत पाणी दडून बसतं. साधं तेल भरायचं, दहा मिनिटं चालवायची, गरम असतानाच काढायचं, पुन्हा भरायचं. पहिल्यांदा निघालं ते ताकासारखं. दुसऱ्यांदा गढूळ. तिसऱ्यांदा रंग जरा जागेवर आला. बोल्टच्या चुंबकाला मात्र लोखंडाची बारीक लव चिकटली होती. कानसेननं डबा उघडला. एका बेअरिंगवर गंजाचे तांबडे ठिपके पडले होते. पाणी किती दिवस आत बसलं होतं, त्याचा हिशेब त्या ठिपक्यांत दिसत होता. बेअरिंग बदललं, चौथ्यांदा तेल भरलं, नळी लावली आणि ओढून पाहिली. मग बाकीच्या पाचही बेडक्यांच्या नळ्या ओढून पाहिल्या. त्या सगळ्या घट्ट होत्या. त्याला उगाच थोडं बरं वाटलं, आणि लगेच जास्तच थकवा आला.

बाईंना गाडी परत मिळाली. फाइलमधली दोन कार्डं निघाली नाहीत. वरून उत्तर आलं की लागलेला कागद काढता येत नाही, तिसरं कार्ड त्यांच्यावर जोडलं जाईल. ते जोडलं गेलं. बाईंनी दीड महिना गाडी चालवली आणि मग कालव्याच्या मुख्य दारावरच्या खोलीत बदली मागून घेतली; अकरा आठवड्यांच्या चालण्यानं गुडघा कायमचा कुरकुरायला लागला होता. माफी त्यांनी दिली नाही, कानसेननंही मागितली नाही. पण वर्कशॉपात काही काम निघालं तर त्या दारात थांबायच्या नाहीत. आत यायच्या, उजेडाकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि मग बोलायच्या. बाकीच्यांनीही त्यांचं पाहून तसंच करायला सुरुवात केली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

घरी सांगायला त्याला आठवडा लागला. जेवताना एकदम म्हणाला, "साहेबांना सांगितलं मी. कानाचं."

बायकोचा हात ताटातच राहिला. "आणि?"

"तपासून या म्हणाले."

"मी काय म्हणत होते दोन वर्षं?"

"ते ऐकू आलं नाही ना," तो म्हणाला. तिला हसू आलं, पण ते दाखवायला ती तयार नव्हती. उठून पाण्याचा जग भरायला गेली आणि तिथेच जरा जास्त वेळ उभी राहिली.

कारखान्यातून अर्धी रजा काढून ती त्याच्याबरोबर दवाखान्यात आली. तपासणीची खोली म्हणजे कपाटाएवढी पेटी, भिंतींना जाड कापूस लावलेला, आत एक मऊ खुर्ची. एका तरुण मुलीनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि काचेपलीकडे जाऊन बसली. आवाज आला की बटण दाबायचं, नाही आला तर दाबायचं नाही. खात्याच्या वार्षिक तपासणीत तो डॉक्टरांच्या हाताकडे बघून बेमालूम उत्तरं द्यायचा. या वेळी त्यानं मुलीकडे पाठ करून खुर्ची फिरवून घेतली.

सुरुवातीचे जाड आवाज आले, त्यानं बटण दाबलं. मग आवाज बारीक होत गेले आणि बंद झाले. आत कुणी बोलत नव्हतं, कुणाचे ओठ वाचायचे नव्हते. कुणी उत्तराची वाट बघत असलं, तरी न देणं हेच उत्तर होतं. दोन वर्षांत त्याच्या कपाळाला असा आराम मिळाला नव्हता.

मुलीनं दार उघडलं तेव्हा तो मान टाकून गाढ झोपला होता. बटण मांडीवर पडलं होतं.

"काका," तिनं त्याचा दंड हलवला. तिच्या मागून बायको आत डोकावत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. "अहो काका, रिपोर्टमध्ये तुम्ही ठार बहिरे आलाय. उठा. पुन्हा पहिल्यापासून करू."

"करू," तो डोळे चोळत म्हणाला. "पाच मिनिटं मात्र थांब."